'फेअर'ला सगळीकडे 'योग्य' लिहून भागतं का?

कागदोपत्री:
इंग्रजी कागद मराठीत आणताना 'फेअर' हे विशेषण पानोपानी आडवं येतं. शब्दकोशात न्याय्य, गोरा, सुंदर, स्वच्छ, मध्यम आणि वर जत्रासुद्धा. सध्या हातात असलेले नमुने असे:

शेतमालाच्या एकाच पत्रकात वर उसासाठी 'फेअर अँड रिम्युनरेटिव्ह प्राइस' आणि खाली सोयाबीनसाठी 'फेअर ॲव्हरेज क्वालिटी'. लीव्ह अँड लायसन्स करारात 'फेअर वेअर अँड टेअर एक्सेप्टेड'. डिस्चार्ज कार्डावर 'जनरल कंडिशन: फेअर'. कोकणच्या बंदरांवरच्या टिपणात 'फेअर वेदर पोर्ट'. आणि एका अहवालात 'ही हॅज अ फेअर चान्स'.

सगळीकडे 'योग्य' टाकलं तर वाक्य वाचायला खटकत नाही, पण अर्थ पोचतो असंही वाटत नाही. कुठे कोणता अर्थ घ्यायचा याची काही खूण आहे का, की पाठच करावं लागतं?

वर्गपाठ:
पाठ करायची गरज नाही. त्या जागी 'फेअर'च्या उलट कोणता इंग्रजी शब्द बसेल ते बघा, अर्थ आपोआप वेगळे होतात.

उलट 'अनफेअर' बसत असेल तर न्यायाचा अर्थ: रास्त, न्याय्य, निःपक्षपाती. उलट 'फाउल' बसत असेल तर हवामान, खेळ किंवा मार्ग: उघाड, नियमाला धरून, सरळ. 'बाय फेअर मीन्स ऑर फाउल' म्हणजे सरळ मार्गाने नाहीतर वाकड्या. उलट 'डार्क' असेल तर रंग. उलट 'रफ' असेल तर पक्की प्रत. जर्नल 'फेअर करणे' हे तर मराठी शाळांत रुळलेलंच क्रियापद आहे. आणि ज्याच्या एका बाजूला 'गुड' व दुसऱ्या बाजूला 'पुअर' उभं आहे तो 'फेअर' म्हणजे मधला, बरा. सगळ्यात जास्त गफलत या शेवटच्यात होते, कारण ऐकताना तो कौतुकासारखा वाटतो. प्रगतिपुस्तकात 'एक्सलंट, गुड, फेअर, पुअर' अशी उतरंड असेल तर 'फेअर' हा खालून दुसरा शेरा आहे. तिथे 'योग्य' किंवा 'छान' लिहिलं की पालकांची दिशाभूल झालीच. 'साधारण' किंवा 'बरा' लिहा.

डिस्चार्ज कार्डावरचा 'फेअर' याच उतरंडीतला. रुग्ण शुद्धीवर, नाडी-रक्तदाब स्थिर, पण ठणठणीत नाही. 'सर्वसाधारण प्रकृती बरी' पुरे. 'प्रकृती उत्तम' लिहू नका आणि 'प्रकृती योग्य' तर मराठीत कोणी म्हणतच नाही.

'फेअर चान्स'ला मात्र क्रियापद बघावं लागतं. माणसाजवळ तो 'आहे' असं वाक्य असेल तर प्रमाणाचा अर्थ: 'त्याची जिंकण्याची बऱ्यापैकी शक्यता आहे.' तो 'दिला' किंवा 'मिळाला' असेल तर न्यायाचा: 'त्याला रास्त संधी दिली गेली.' तुमच्या वाक्यात 'हॅज' आहे आणि मागेपुढे न्यायाची भानगड नाही, म्हणून 'बऱ्यापैकी शक्यता'. 'अ फेअर अमाउंट', 'अ फेअर डिस्टन्स', 'अ फेअर आयडिया' ही सगळी याच घरातली: बराचसा, बराच लांब, बऱ्यापैकी कल्पना.

जत्रेचा 'फेअर' मुळातच वेगळा शब्द आहे, तो लॅटिनमधल्या सुट्टीच्या, सणाच्या दिवसावरून आला. विशेषण जुन्या इंग्रजीतलं, त्याचा पहिला अर्थ सुंदर. दोन्हींचं स्पेलिंग एक झालं एवढंच. त्यात देवनागरीची भर अशी, की प्रवासभाडं या अर्थाचा तिसरा शब्दही आपण 'फेअर'च लिहितो. त्यामुळे 'फेअर रिव्हिजन' असं कुठे देवनागरीत दिसलं तर मूळ इंग्रजी अक्षरं बघितल्याशिवाय हात लावू नका. ती बहुधा रिक्षा-टॅक्सीची भाडेवाढ असते.

बांधावरून:
पत्रकातल्या दोन 'फेअर'बद्दल. पहिला 'अनफेअर'वाला, दुसरा 'पुअर'वाला. एका पानावर आले म्हणून दोघांना एकच मराठी शब्द देऊ नका.

उसाच्या एफआरपीला मराठीत 'रास्त आणि किफायतशीर दर' हे रुळलेलं आहे, तेच ठेवा. बरेच जण केंद्राच्या हिंदी पत्रकावरून 'उचित व लाभकारी मूल्य' उचलतात; अर्थ चुकत नाही, पण ऊसपट्ट्यात तसं कोणी बोलत नाही. खरं तर लोक 'एफआरपी'च म्हणतात, म्हणून पहिल्यांदा पूर्ण नाव आणि पुढे 'एफआरपी' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला सोयीचं.

दोन्ही विशेषणं वेगळी का ठेवायची तेही बघा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात २००९ मध्ये दुरुस्ती झाली. त्याआधी 'वैधानिक किमान दर' होता, म्हणजे एसएमपी. दुरुस्तीने त्या जागी एफआरपी आली आणि दर ठरवताना जोखीम व नफा यांसाठी वाजवी वाव धरायचं कलम आलं. 'किफायतशीर' हा शब्द त्या नफ्याच्या वाटेचा आहे. म्हणून 'योग्य दर' असं एकाच शब्दात उरकलं तर आदेशातली अर्धी गोष्ट गळते. आणि 'किमान दर' लिहिलं तर तुम्ही २००९ च्या मागे जाता. ही चूक बातम्यांतही दिसते.

इथे 'रास्त' म्हणजे वाटाघाटीने ठरलेला नव्हे, तर सूत्राने निघालेला. २०२५-२६ हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला (म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलला ३५५ रुपये. उतारा ०.१ टक्क्याने वाढला की ३ रुपये ४६ पैसे वाढतात, घटला की तेवढेच कमी होतात. ९.५ टक्के किंवा त्याखाली उतारा असला तरी ३२९ रुपये ५ पैशांच्या खाली दर जात नाही. म्हणजे ११.२५ टक्के उताऱ्याच्या कारखान्याला १० टप्पे वर, ३४ रुपये ६० पैसे जास्त, एकूण ३८९ रुपये ६० पैसे, टनाला ३,८९६ रुपये. यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन उरेल ते शेतकऱ्याच्या खात्यात. पत्रकात एफआरपीचा आकडा देऊन पुढे 'शेतकऱ्याला मिळणार' असं लिहिलं असेल तर अनुवाद करताना हा फरक विचारून घ्या, कारण भांडणं तिथेच होतात. पैसे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज, हेही त्याच आदेशात आहे.

आता 'फेअर ॲव्हरेज क्वालिटी', बाजार समितीच्या भाषेत 'एफएक्यू'. इथे न्यायाचा काही संबंध नाही. सरासरी बऱ्या प्रतीचा, ना निवडक ना टाकाऊ असा माल. 'योग्य सरासरी गुणवत्ता' असं छापलेलं दिसतं आणि वाचणाऱ्याला त्यातून काहीही कळत नाही. 'सर्वसाधारण चांगल्या प्रतीचा (एफएक्यू) माल' असं लिहा आणि लगेच पुढे निकष द्या, कारण शेतकऱ्याला तेच हवं असतं. हमीभाव केंद्रावर सोयाबीनला ओलावा १२ टक्क्यांपर्यंत ही नेहमीची अट. २०२४-२५ च्या खरिपात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. कापसाला ८ टक्के ओलावा धरून पूर्ण दर, पुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, त्यावर खरेदी नाही. 'माल एफएक्यू नाही' म्हणून ट्रॉली परत जाते तेव्हा बहुतेक वेळा कारण ओलावा किंवा काडीकचरा असतं. 'योग्य गुणवत्ता नाही' असं मराठी केलंत तर माल खराब होता असा समज होतो, प्रत्यक्षात दोन उन्हं दाखवली की तोच माल बसतो.

पायरीवाचक:
'वाजवी' का नको? 'वाजवी आणि किफायतशीर दर' कानाला बरं वाटतं.

बांधावरून:
व्याकरणाने चालेल. पण दुकानाच्या पाटीवर 'वाजवी दरात मिळेल' असतं तेव्हा सगळे त्याचा अर्थ 'स्वस्तात' असा घेतात. ऊस विकणाऱ्याला स्वस्त दर नको असतो. 'रास्त' कोणाच्याच बाजूला झुकत नाही. अर्थात 'रास्त भाव दुकान' हे मूळ 'फेअर प्राइस शॉप'चंच मराठी, आणि त्यालाही लोकांनी 'स्वस्त धान्य दुकान' करून टाकलं. तिथे घेणाऱ्याच्या बाजूने बघितलं जातं, म्हणून ते खपून गेलं.

मसुदा:
कराराच्या कलमाकडे येतो. तिथे दोन खड्डे आहेत आणि दुसरा 'फेअर'मध्ये नाही, 'एक्सेप्टेड'मध्ये आहे. 'वगळून' (excepted) आणि 'स्वीकारून' (accepted) या अर्थांचे दोन वेगळे इंग्रजी शब्द आपण देवनागरीत जवळपास सारखेच लिहितो; इथे पहिला आहे. त्यामुळे 'योग्य झीज मान्य' अशी मराठी झालेली असते. अर्थ योगायोगाने जवळपास जातो, पण कलम लंगडं पडतं.

इथे 'फेअर' म्हणजे न्याय्य नाही, नीट वापरूनही जेवढी होणारच तेवढी. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम १०८ मध्ये भाडेपट्ट्याबद्दल हीच गोष्ट 'रीझनेबल' हा शब्द वापरून सांगितली आहे, त्यावरून अर्थ पक्का होतो. मात्र ते कलम भाडेपट्ट्याचं. लीव्ह अँड लायसन्स हा भाडेपट्टा नव्हे, म्हणून कायदा बघून घेईल असं समजू नका, करारातच उघड लिहा. असं:

'परवानाधारकाने जागा सोडताना ती ताब्यात घेतली त्या वेळच्या स्थितीत परत द्यावी. सर्वसाधारण वापराने झालेली झीज याला अपवाद राहील व तिच्यापोटी अनामत रकमेतून कपात केली जाणार नाही.'

शेवटचा तुकडा मूळ इंग्रजीत नसेल तर दोन्ही पक्षांना विचारल्याशिवाय घालू नका. अनुवादकाने कलम वाढवायचं नसतं. पण तुम्ही मसुदाच करत असाल तर जरूर घाला, कारण डिपॉझिटचा वाद या एका शब्दावर उभा राहतो. उन्हाने विटलेला रंग, नळाचा गेलेला वॉशर, सैल झालेली कडी ही झीज. फुटलेली फरशी, बेसिनला गेलेला तडा, भिंतीत ड्रिलने पाडलेली भोकं हे नुकसान. सीमारेषेवरचे प्रकार, म्हणजे किचनच्या ट्रॉलीचं निखळलेलं चाक, गॅलरीतल्या जाळीचा गंज, यांच्यासाठी करारासोबत वस्तूंची यादी जोडतात. तिच्यात नुसतं 'पंखे ४' लिहून उपयोग नाही. 'पंखे ४, पैकी हॉलमधला आवाज करतो' असं लिहिलं तर सोडताना बोलायला जागा उरत नाही.

कागदोपत्री:
खूप कामाचं. मग 'ट्रू अँड फेअर व्ह्यू', 'फेअर मार्केट व्हॅल्यू' आणि 'फेअर डीलिंग' यांत 'वाजवी' चालेल का?

मसुदा:
पहिल्या दोनांत 'वाजवी' चालतं, पण अर्थ एक नाही.

'ट्रू अँड फेअर व्ह्यू' हे २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १२९ मधलं. आकडे खरे असून भागत नाही, त्यांची मांडणी दिशाभूल करणारीही नको. वर्षअखेरीला मोठं येणं बुडीत गेलंय हे माहीत असून ते 'येणे' म्हणूनच दाखवलं, तर बेरीज जुळते पण चित्र 'फेअर' राहत नाही. 'सत्य व वाजवी चित्र' हे लेखापरीक्षणात ओळखीचं आहे. दोन्ही शब्द ठेवा, 'खरे चित्र' असं एकात बसवू नका.

'फेअर मार्केट व्हॅल्यू' म्हणजे खुल्या बाजारात त्या दिवशी साधारणपणे जी किंमत आली असती ती: 'वाजवी बाजारमूल्य'. याला रेडी रेकनरचा दर समजू नका. रेकनर हा मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला वार्षिक तक्ता. जुन्या जागेच्या विक्रीवर भांडवली नफा काढताना १ एप्रिल २००१ चं वाजवी बाजारमूल्य धरतात तेव्हा रेकनरचा संबंध येतो तो कमाल मर्यादा म्हणून. दोन वेगळ्या गोष्टींना एकच 'सरकारी किंमत' म्हटलं की हिशेब बिघडतो.

'फेअर डीलिंग' १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, कलम ५२. खासगी अभ्यास, टीका-समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन अशा कामांसाठी परवानगी न घेता केलेला मर्यादित वापर. 'डीलिंग' बघून 'वाजवी व्यवहार' लिहिलं तर खरेदी-विक्री वाटते. 'न्याय्य वापर' बरं. अमेरिकी लेखात 'फेअर यूज' असेल तर तो तिथल्या १९७६ च्या कायद्यातला, चार कसोट्यांवर तपासला जाणारा, आणि आपल्यापेक्षा मोकळा. मराठीत दोन्हींना 'न्याय्य वापर' म्हणावं लागलं तरी कोणत्या देशाचा कायदा ते वाक्यात आलंच पाहिजे.

उघाड:
'फेअर वेदर पोर्ट' राहिलं. 'चांगल्या हवामानाचं बंदर' लिहू नका, ते पर्यटनाच्या जाहिरातीसारखं होतं. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रापासून आडोसा नसल्यामुळे जी बंदरं बंद ठेवावी लागतात ती ही. कोकणातली बरीच लहान बंदरं या वर्गात येतात. 'उघाडीच्या हंगामात चालणारं बंदर' किंवा 'पावसाळ्यात बंद राहणारं बंदर'. दुसरं लांब आहे, पण कोणालाही विचारावं लागत नाही. रस्त्यांचंही तेच: 'ऑल वेदर रोड' म्हणजे बारमाही रस्ता हे ठरलेलं आहे, त्याच्या उलट 'फेअर वेदर रोड' म्हणजे पावसाळ्यात बंद पडणारा, हंगामी रस्ता.

हवामानातला 'फेअर' म्हणजे कोरडा, न कोसळणारा. आकाश निरभ्र असेलच असं नाही. जुन्या पितळी वायुभारमापकाच्या तबकडीवर वादळ, पाऊस, बदल, 'फेअर', अतिकोरडं अशी नावं कोरलेली असतात. त्यात 'फेअर' बदलाच्या पुढे आणि अतिकोरड्याच्या अलीकडे आहे. 'उघाड' हा आपला शब्द त्यावर चपखल बसतो, कारण त्यातही ढग असू शकतात, फक्त पाऊस नाही.

बांधकामाच्या कागदांत 'फेअर फेस' आलं तर तेही बघून ठेवा. तिथे ना न्याय ना मध्यमपणा, शब्दाचा जुना 'देखणा' अर्थ शिल्लक आहे: गिलावा न करता तशीच उघडी ठेवायची बाजू. ९ इंची विटेच्या भिंतीला 'वन साइड फेअर फेस' असं लिहितात त्याचं कारण साधं आहे. विटा लांबीला एकसारख्या नसतात, त्यामुळे ओळंब्याने एक बाजू सरळ घेतली की विटांचा कमीजास्तपणा दुसऱ्या बाजूला निघतो. त्या बाजूला गिलावा करून तो झाकावा लागतो. 'एक बाजू योग्य' असा अनुवाद गवंड्याच्या हातात पडला तर काय करायचं हे त्याला कळणार नाही. 'एक बाजू बिनगिलाव्याची, उघड्या विटेची' लिहा, किंवा सरळ 'फेअर फेस' ठेवा. साइटवर तोच शब्द चालतो.

पायरीवाचक:
रंगाबद्दल कोणीच बोललं नाही. स्थळांच्या जाहिरातीत 'फेअर' म्हणजे गोरा, 'व्हीटिश' म्हणजे गव्हाळ, एवढं सरळ आहे ना?

वर्गपाठ:
त्वचेपुरतं सरळ. केसांच्या बाबतीत नाही: 'फेअर हेअर' म्हणजे सोनेरी केस. आणि वर्णाचा उल्लेख खरंच ठेवायचा का, हे आता अनुवाद करून घेणाऱ्यालाच विचारलेलं बरं. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये नावातून हा शब्द काढून 'ग्लो' घातला, यावरून वारा कुठे वाहतोय ते दिसतं.

राहता राहिलं 'फेअरली'. विशेषणाच्या आधी आलं तर 'बऱ्यापैकी': 'फेअरली ईझी', बऱ्यापैकी सोपं. क्रियापदानंतर आलं तर 'न्यायाने': 'ट्रीटेड फेअरली', न्यायाने वागवलं. पहिल्या अर्थी ते सहसा चांगल्या बाजूच्या विशेषणाला लागतं. नावडती गोष्ट असेल तर इंग्रज 'रादर' वापरतो: 'फेअरली चीप', पण 'रादर एक्स्पेन्सिव्ह'. तुलना असेल तर 'फेअरली' अजिबात बसत नाही. 'फेअरली बेटर' हे आपल्याकडच्या अहवालांत सर्रास असतं आणि चूक आहे. 'रादर बेटर' किंवा 'समव्हॉट बेटर' हवं. 'प्ले फेअर'मध्ये मात्र शेपूट न लावता 'फेअर'च क्रियाविशेषण होतं, तिथे 'फेअरली' घालून दुरुस्त करायला जाऊ नका.

क्रिकेटचे नियम मराठीत करत असाल तर 'फेअर डिलिव्हरी' म्हणजे नियमात बसणारा चेंडू, आणि 'फेअर कॅच' म्हणजे नियमाप्रमाणे पकडलेला झेल. 'चांगला झेल' नाही, तो 'गुड कॅच'. हातातून निसटता निसटता घेतलेला ओबडधोबड झेलही 'फेअर' असतो. उलट सूर मारून घेतलेला सुंदर झेल, चेंडू आधी जमिनीला टेकला असेल तर 'फेअर' नसतो.

कागदोपत्री:
आणि वाक्याच्या सुरुवातीला 'टू बी फेअर' आलं तर? 'न्याय्यपणे सांगायचे तर' असं लिहून ठेवलंय.

वर्गपाठ:
ते खोडा. आधी कोणावर टीका झालेली असते आणि आता त्याच्या बाजूचं काहीतरी सांगायचं असतं, तेव्हाच ते येतं. 'त्याची बाजू बघायची तर', किंवा नुसतं 'तसं बघितलं तर'. 'फेअर इनफ' समोरच्याचं म्हणणं मान्य करताना येतं: 'बरं, पटलं' किंवा 'ठीक, चालेल'. पण त्याच्या मागे 'बट' असेल तर मान्यता अर्धीच आहे. तिथे 'ते खरं, पण' लिहा, नाहीतर तडजोडीच्या पत्रात समोरच्याने सगळं कबूल केल्यासारखं दिसेल.